संगणकाची देवडी

घरोघरीं आज संगणक आला आहे. सकाळीं कळ दाबावी, पडद्यावर कांहीं क्षण अंधार राहावा, मग एकादें चिन्ह उमटावें आणि कामाला आरंभ व्हावा, हा क्रम आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्या अंधाराच्या क्षणांत काय घडतें हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. कांहीं घरांतून मात्र निराळा देखावा दिसतो. कळ दाबल्यावर पडद्यावर एक लहानशी यादी उभी राहते. पहिल्या ओळींत एका कार्यप्रणालीचें नांव, दुसऱ्या ओळींत दुसरीचें, आणि खालीं एकेक सेकंद उतरत जाणारा आंकडा. तो शून्यावर येण्याच्या आंत जी ओळ निवडावी, त्या प्रणालीच्या हातीं यंत्राचा कारभार जातो. कांहींच निवडलें नाहीं, तर आधीं ठरवून ठेवलेली प्रणाली आपोआप चालू होते. एकाच यंत्रावर वडील विंडोजवर घरचा जमाखर्च पाहतात आणि मुलगी लिनक्सवर आपला अभ्यास करते, तें या यादीच्या कृपेनें. आजच्या भाषणांत मला त्या यादीचा इतिहास सांगावयाचा आहे.

यादी लहान असली तरी तिच्यामागचा प्रश्न लहान नाहीं. जें यंत्र आपण पैसे मोजून घरीं आणलें, त्याच्यावर पहिला शब्द कोणाचा? विकत घेणाऱ्याचा, बनविणाऱ्याचा, कीं त्याच्यावर चालणारी प्रणाली लिहिणाऱ्याचा? जुन्या वाड्यांत दरवाजाच्या आंत देवडी असे. वाडा कितीही चौसोपी असला, तरी आंत कोणाला सोडावयाचें तें देवडीवरचा माणूस ठरवी. संगणकाच्या आरंभींचे ते कांहीं क्षण म्हणजे त्याची देवडी होय. आणि त्या देवडीवर कोणाचा माणूस बसावा याविषयीं गेल्या चार दशकांत जी ओढाताण झाली, तीच या यादीचा खरा इतिहास आहे.

प्रथम कार्यप्रणाली म्हणजे काय तें थोडक्यांत सांगतों. जिला आपण एरवीं ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतों, ती म्हणजे यंत्राची सारी व्यवस्था पाहणारी आज्ञावली. कळफलकावर दाबलेलें अक्षर उचलणें, तें पडद्यावर दाखविणें, तबकडीवर कागदपत्रें नीट ठेवणें आणि मागितल्यावर काढून देणें, अनेक कामांत यंत्राचा वेळ वांटून देणें, हीं तिचीं कर्तव्यें. आतां अडचण अशी कीं, ही प्रणाली तबकडीवर सांठविलेली असते, आणि वीज बंद झाली कीं यंत्राची चालती स्मृति कोरी होते. तबकडीवरून कांहीं वाचून घ्यावयाचें, तर वाचण्याची रीत सांगणारी आज्ञावली स्मृतींत आधीं हवी; आणि ती स्मृतींत यावयाची, तर तीहि कोणीतरी वाचून आणावयास हवी. आधीं बीज कीं आधीं वृक्ष, असाच हा पेंच आहे. स्वतःच्या बुटांचे पट्टे स्वतःच ओढून स्वतःला वर उचलणें, अशी इंग्रजींत एक थट्टेची म्हण आहे. त्या 'बूटस्ट्रॅप' शब्दावरून संगणक सुरू करण्याच्या क्रियेस 'बूट करणें' हें नांव पडलें, आणि आपणही तें जसेंच्या तसें उचललें.

आरंभींच्या काळांत हा पेंच माणसाच्या हातानें सुटत असे. १९७५ च्या जानेवारींत 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा संगणक झळकला. त्याच्या दर्शनी भागावर ओळीनें खटके बसविलेले होते. यंत्र चालू केल्यावर मालकानें ते खटके वर-खालीं करून प्रारंभींची आज्ञावली एकेक बाइट करून स्मृतींत भरावयाची, आणि मग त्या आज्ञावलीनें कागदी फितीवरून पुढचा भाग वाचून घ्यावयाचा, अशी रीत होती. बाइट म्हणजे स्थूलमानानें एक अक्षर मावेल एवढी जागा. याच यंत्रासाठीं बेसिक ही भाषा घेऊन पॉल अ‍ॅलन आल्बुकर्की शहरीं विमानानें निघाला असतां, विमान उतरण्याच्या सुमारास त्याच्या ध्यानांत आलें कीं, फीत वाचून घेणारी ही प्रारंभींची आज्ञावली लिहावयाची राहूनच गेली आहे. ती त्यानें विमानांत बसल्या बसल्या लिहून काढली. तोच पुढें बिल गेट्सबरोबर मायक्रोसॉफ्ट कंपनीचा संस्थापक झाला. खटक्यांची ही पद्धति कष्टाची खरी; पण तींत एक गोष्ट निःसंदिग्ध होती. यंत्रांत पहिला शब्द कोणाचा, याविषयीं वादच नव्हता. तो मालकाच्या बोटांचा होता.

१२ ऑगस्ट १९८१ या दिवशीं आयबीएम कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर न्यूयॉर्क येथें जाहीर केला, आणि आज आपल्या घरीं असलेल्या बहुतेक यंत्रांचा वंश तेथून सुरू झाला. या यंत्रांत खटक्यांची जागा एका कायम स्मृतीच्या चिपनें घेतली. तींत बायॉस नांवाची लहान आज्ञावली कारखान्यांतच कोरलेली असे. कळ दाबली कीं बायॉस जागी होई, यंत्राचे अवयव तपासून पाही, मग फ्लॉपीचे पहिले ५१२ बाइट उचलून स्मृतींत ३१७४४ या क्रमांकाच्या जागीं ठेवी आणि 'आतां तूं पाहा' म्हणून सारा अधिकार त्यांच्या स्वाधीन करी. ते बाइट कोणीं लिहिले, कशासाठीं लिहिले, याची चौकशी करणें हें बायॉसचें काम नव्हतें. फ्लॉपी नसलीच, तर चिपमध्येंच असलेली बेसिक भाषा पडद्यावर येई. म्हणजे प्रणालीची निवड अगदीं साध्या रीतीनें होत असे: जी फ्लॉपी खांचेंत सरकवावी, ती प्रणाली चाले.

आयबीएमनें या यंत्राबरोबर एकच प्रणाली पुढें केली नव्हती, ही गोष्ट आज बहुतेकांच्या विस्मरणांत गेली आहे. तिनें तीन प्रणाली जाहीर केल्या. पहिली पीसी-डॉस. ही मूळ सिअ‍ॅटल येथील टिम पॅटर्सन यानें लिहिली होती आणि मायक्रोसॉफ्टनें ती विकत घेऊन आयबीएमला पुरविली होती. दुसरी गॅरी किल्डॉल याच्या डिजिटल रिसर्च कंपनीची सीपी/एम-८६, आणि तिसरी कॅलिफोर्निया विद्यापीठांत जन्मलेली पी-सिस्टिम. दार तिघींनाहि सारखेंच उघडें होतें. पण पीसी-डॉसची किंमत ४० डॉलर आणि १९८२ सालीं बाजारांत आलेल्या सीपी/एम-८६ ची २४० डॉलर. ग्राहकानें काय निवडलें हें सांगावयास नको. यंत्राच्या देवडीवर अटकाव नसला, तरी निवड दुकानाच्या फळीवरच होऊन जाऊं शकते, हा या इतिहासाचा पहिला धडा.

८ मार्च १९८३ रोजीं आयबीएमचें पीसी एक्सटी हें पुढचें यंत्र आलें. त्यांत दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क, म्हणजे यंत्रांतच कायम बसविलेली तबकडी होती. आतां प्रश्न निराळा झाला. फ्लॉपी बदलतां येते. आंत बसविलेली तबकडी रोज काढून दुसरी घालतां येत नाहीं. मग एकीहून अधिक प्रणाली हव्या असतील त्यानें काय करावें? या प्रश्नाला जें उत्तर देण्यांत आलें, तें थोडक्या जागेंत केलेल्या उत्तम संसाराचा नमुना म्हणून पाहण्यासारखें आहे. तबकडीचे पहिले ५१२ बाइट राखून ठेवण्यांत आले. त्यांतले ४४६ बाइट आज्ञांसाठीं, ६४ बाइट एका कोष्टकासाठीं आणि शेवटचे दोन ओळखखुणेसाठीं. कोष्टकांत १६ बाइटांच्या चार नोंदी. प्रत्येक नोंद म्हणजे तबकडीचा एक विभाग, आणि प्रत्येक विभागांत एक स्वतंत्र प्रणाली राहूं शकेल अशी योजना. चारांपैकीं ज्या विभागावर 'चालू' अशी खूण असेल, त्याला त्या ४४६ बाइटांतील आज्ञा हांक मारीत. चार बिऱ्हाडांची ही चाळ १९८३ सालींच बांधून तयार होती.

तींत उणीव एकच होती. कोणत्या बिऱ्हाडाला हांक मारावयाची हें यंत्र बंद करण्यापूर्वींच 'एफडिस्क' नांवाच्या आज्ञावलीनें खूण बदलून ठरवावें लागे. आज कोणती प्रणाली हवी, असें दारांत विचारणारें कोणी नव्हतें. ती उणीव त्या ४४६ बाइटांच्या जागीं दुसऱ्या आज्ञा ठेवून भरून काढतां येत होती, आणि पुढें तसेंच झालें. १९९२ सालीं आयबीएमच्या ओएस/टू या प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर बूट मॅनेजर आला. त्यानें तबकडीवर स्वतःसाठीं एक लहानसा विभाग घेतला आणि दर वेळीं यादी दाखवून मालकाला विचारावयास प्रारंभ केला. १९९३ सालच्या विंडोज एनटीनेंहि आपली यादी आणली. 'बूट डॉट आयएनआय' नांवाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलींत ती लिहिलेली असे, आणि मालकाचें उत्तर येईपर्यंत ती ठरीव रीतीप्रमाणें ३० सेकंद थांबे.

पण या यादीला खरें घरगुती रूप आलें तें लिनक्समुळें. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें १९९१ सालीं आपली प्रणाली जगापुढें ठेवली. ती घेणाऱ्या बहुतेकांच्या यंत्रावर आधींच डॉस किंवा विंडोज नांदत असे, आणि तें काढून टाकण्याची कोणाची तयारी नव्हती. नव्या सुनेला जुन्या घरांतच राहावयाचें होतें. वर्नर आल्मेस्बेर्गर यानें १९९२ सालीं लिहिलेली लिलो ही आज्ञावली या सहवासाची व्यवस्था पाही. तिची एक लकब जुन्या वापरणाऱ्यांना अजून आठवत असेल. आरंभाचा एकेक टप्पा पार पडला कीं ती पडद्यावर आपल्या नांवाचें एकेक अक्षर उमटवी. चारही अक्षरें उमटलीं तर सारें क्षेम. पहिल्या दोन अक्षरांवरच यंत्र थांबलें, तर दुसरा टप्पा वाचला गेला पण चालूं शकला नाहीं, असें निदान करतां येई. वैद्यानें नाडी पाहावी तशी लोक ती अक्षरें पाहत.

लिलोचा स्वभाव मात्र पाठांतराचा होता. लिनक्सचा गाभा तबकडीच्या नेमक्या कोणत्या खणांत आहे त्याचा नकाशा ती आधीं करून ठेवी. गाभा नवा घातला आणि नकाशा नवा करावयाचें विसरलें, कीं पुढल्या खेपेस यंत्र उठत नसे. एरिक बोलीन यानें १९९५ सालीं आरंभिलेल्या ग्रब या आज्ञावलीनें हा दोष काढला. तिला तबकडीवरील फाइलींची रचनाच वाचतां येते. त्यामुळें नकाशा पाठ करण्याचें कारण उरत नाहीं, आणि यादी चुकलीच तर मालकाला तेथेंच आज्ञा टंकून मार्ग काढतां येतो. बोलीनचें मूळ काम ग्नू प्रकल्पाची हर्ड ही प्रणाली सुरू करून देण्याचें होतें. पण प्रत्येक प्रणालीसाठीं निराळा द्वारपाळ लिहीत बसण्यापेक्षां सर्वांनीं एक ठराव पाळावा, म्हणजे एकच द्वारपाळ सर्वांना पुरेल, असें त्याला आणि ब्रायन फोर्ड याला वाटलें. त्यांनीं तसा ठराव लिहिला. १९९९ मध्यें ग्रब ग्नू प्रकल्पांत अधिकृतपणें आली, आणि आज जी यादी आपण लिनक्सच्या यंत्रांवर पाहतों ती बहुधा तिचीच असते.

याच काळांत आपल्याकडेहि हा प्रयोग घरोघरीं होऊं लागला होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन यंत्र जुळवून घेण्याची चाल होती, आणि 'पीसीक्वेस्ट' सारख्या मासिकाच्या अंकाबरोबर लिनक्सची तबकडी येत असे. जुळविलेल्या यंत्राला बड्या कारखानदाराचा शिक्का नसे, आणि तबकडीचे विभाग कसे पाडावे हें सांगणाराहि कोणी नसे. या प्रयोगांत एक ठेंच मात्र जगभर सर्वांनींच खाल्ली. यंत्रावर दोन्ही प्रणाली सुखानें नांदत असतां विंडोज नव्यानें बसविली, कीं ती त्या पहिल्या ५१२ बाइटांतील आज्ञांवर न विचारतां आपल्या आज्ञा लिहून टाकी. यादी नाहींशी होई. लिनक्स आपल्या विभागांत सुरक्षितच असे. पण तिच्याकडे जाणारी वाट बुजलेली असे. अनुभवी माणसें म्हणून आधीं विंडोज व मग लिनक्स हा क्रम कटाक्षानें पाळीत आणि एक तारक फ्लॉपी खणांत जपून ठेवीत.

येथवरचा इतिहास युक्तीचा आणि गैरसोयींचा आहे. १९९८ पासून त्यांत व्यापाराचा आणि न्यायाचा भाग येतो. अ‍ॅपल कंपनींतून बाहेर पडलेल्या झाँ-लुई गासे या फ्रेंच गृहस्थानें १९९० सालीं बी नांवाची कंपनी काढली होती. तिची बीओएस ही प्रणाली चित्र व ध्वनि यांच्या कामांत चपळ म्हणून नांवाजली गेली, आणि १९९८ सालीं ती आयबीएम वंशाच्या यंत्रांवर चालूं लागली. विंडोज काढून टाका, असें गासे कोणाला म्हणत नव्हता. विंडोजच्या शेजारीं एक बिऱ्हाड द्या आणि आरंभीं यादी दाखवा, एवढेंच त्याचें म्हणणें होतें. त्यासाठीं कारखानदारांना प्रणाली फुकट देण्याचीहि त्याची तयारी होती. जपानांतील हिटाची कंपनीनें आपल्या एका यंत्रावर दोन्ही प्रणाली घातल्या. पण ग्राहकानें तें यंत्र घरीं नेऊन कळ दाबली कीं यादी येतच नसे; सरळ विंडोज चालू होई. बीओएस तबकडीवर असूनहि ग्राहकाला दिसत नसे. ती हवी असेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावरून आज्ञावली उतरवून फ्लॉपी तयार करण्याचा उपद्व्याप त्यानें स्वतः करावयाचा.

यादी कां नव्हती? यंत्राच्या ताकदीचा तो प्रश्न नव्हता. १९८३ सालचें चार नोंदींचें कोष्टक तेथें होतेंच. बी कंपनीचें म्हणणें असें कीं, मायक्रोसॉफ्टचे कारखानदारांशीं झालेले परवान्याचे करार ती यादी दाखवूं देत नव्हते, आणि ते करार गुप्त असल्यामुळें त्यांविषयीं उघड बोलण्याचीहि सोय नव्हती. २००१ सालीं बी कंपनीची मालमत्ता पाम कंपनीनें ११० लक्ष डॉलरांस घेतली. २००२ च्या फेब्रुवारींत बीनें मायक्रोसॉफ्टवर दावा लावला आणि पुढच्या वर्षीं २३२ लक्ष ५० हजार डॉलर घेऊन तो आपसांत मिटला. मायक्रोसॉफ्टनें दोष कबूल केला नाहीं, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. पण पैसे आले तेव्हां ते घ्यावयास कंपनी कागदावरच उरली होती.

त्याच सुमारास अमेरिकन सरकारनें मायक्रोसॉफ्टवर १९९८ सालीं लावलेल्या मोठ्या खटल्याचा शेवट जवळ आला होता. १९९९ च्या नोव्हेंबरांत न्यायाधीश जॅक्सन यांनीं या कंपनीच्या हातीं मक्तेदारीची सत्ता आहे असा निष्कर्ष नोंदविला. कंपनीचे दोन तुकडे करावे हा त्यांचा पुढचा हुकूम वरिष्ठ न्यायालयानें रद्द केला; आणि २००२ च्या नोव्हेंबरांत न्यायाधीश कोलार-कोटेली यांनीं जो अंतिम निवाडा दिला, त्यांत आपल्या विषयाच्या दृष्टीनें दोन कलमें अतिशय महत्त्वाचीं आहेत. एका कलमानें, दोन प्रणाली असलेलें किंवा एकीहून अधिक प्रणालींनीं सुरू होणारें यंत्र विकल्याबद्दल कारखानदारावर सूड उगविण्यास मायक्रोसॉफ्टला मनाई केली. दुसऱ्या कलमानें, विंडोज सुरू होण्यापूर्वीं बायॉसमधून किंवा दुसऱ्या कोणाच्या आरंभक आज्ञावलींतून अन्य प्रणाली निवडण्याची सोय ग्राहकाला देण्याची मोकळीक कारखानदाराला राखून ठेवली. एकेकाळीं ४४६ बाइटांत मावणारा हा विषय अमेरिकेच्या संघीय न्यायालयाच्या निवाड्यांत कलम होऊन बसला! मात्र बीओएसला त्याचा कांहीं उपयोग उरला नव्हता. निवाड्याची मुदत २०११ च्या मे महिन्यांत संपली.

त्याच २०११ सालीं या इतिहासाचें नवें प्रकरण सुरू झालें. जुनी बायॉस वार्धक्यास आली होती. चार नोंदींचें तें कोष्टक दोन टेराबाइटांहून फारशा मोठ्या तबकडीचा हिशेब ठेवूं शकत नव्हतें. इंटेल कंपनीनें आपल्या इटॅनियम यंत्रांसाठीं जी नवी व्यवस्था आरंभिली होती, ती २००५ पासून अनेक कंपन्यांच्या संघाकडे आली आणि यूईएफआय या नांवानें रूढ झाली. नव्या कोष्टकांत सामान्यतः १२८ विभागांना जागा असते. प्रत्येक प्रणालीचा आरंभक एका समाईक विभागांत आपापल्या खणांत राहतो, आणि कोणाला कोणत्या क्रमानें हांक मारावयाची त्याची यादी यंत्राच्या कायम स्मृतींत असते. एका प्रणालीनें दुसरीच्या आज्ञांवर लिहून टाकण्याची जुनी आपत्ति यामुळें पुष्कळ कमी झाली. कित्येक यंत्रांत तर आरंभीं एक ठराविक कळ दाबून धरली कीं यंत्र स्वतःच यादी दाखवितें.

परंतु २०११ मध्येंच या व्यवस्थेच्या नव्या आवृत्तीबरोबर सिक्युअर बूट हा पहारा आला. त्याचें कारण खोटें नव्हतें. जुनी बायॉस पहिले ५१२ बाइट कोणाचे आहेत हें विचारीत नसे, असें मीं मघांशीं सांगितलें. त्या भोळेपणाचा फायदा चोरांनींहि घेतला. १९८६ सालीं लाहोरहून निघालेला ब्रेन हा व्हायरस फ्लॉपीच्या याच पहिल्या भागांत दडून देशोदेशीं गेला. १९९२ च्या ६ मार्चला मायकेलअँजेलो या व्हायरसच्या भीतीनें जगभर लोकांनीं यंत्रें बंद ठेवलीं. जो प्रणालीच्या आधीं जागा होतो, त्याला प्रणाली पकडूं शकत नाहीं. म्हणून नवा नियम असा झाला कीं, ज्या आरंभकावर ओळखीच्या किल्लीची गणिती सही असेल, त्यालाच आंत सोडावयाचें.

आतां ओळखीची किल्ली कोणाची? व्यवहारांत बहुतेक यंत्रांत कारखान्यांतूनच मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या बसविलेल्या येऊं लागल्या. लिनक्सच्या गोटांत मोठी खळबळ उडाली. २०१२ च्या विंडोज ८ साठीं इंटेल वंशाच्या यंत्रांना घातलेल्या अटींत, मालकाला हा पहारा बंद करतां आला पाहिजे असें कलम होतें. एआरएम वंशाच्या यंत्रांना मात्र उलट अट होती. २०१५ च्या विंडोज १० च्या वेळीं पहिल्या वर्गाची सक्तीहि गेली आणि ती गोष्ट कारखानदाराच्या इच्छेवर राहिली. लिनक्सवाल्यांनीं मधला मार्ग काढला. मॅथ्यू गॅरेट आणि त्याचे सहकारी यांनीं शिम नांवाची एक अगदीं लहान आज्ञावली लिहिली आणि तीवर मायक्रोसॉफ्टची सही घेतली. पहाऱ्यावरून शिम आंत जाते. आणि मग ती आपल्या विश्वासाच्या ग्रबला आंत घेते. २०१३ च्या जानेवारींत आलेली फेडोरा लिनक्सची अठरावी आवृत्ति याच मार्गानें आंत आली.

हा तह टिकला, पण तो निर्वेध नाहीं. २०२० च्या जुलैंत ग्रबमध्येंच एक भगदाड सांपडलें, आणि पहाऱ्याला चुकवून त्यांतून आंत शिरतां येतें असें दिसून आलें; त्यामुळें जुन्या आरंभकांची ओळख काढून घेणें भाग पडलें. २०२४ च्या ऑगस्टांत विंडोजच्या एका मासिक दुरुस्तीनें जुन्या आरंभकांना मज्जाव केला. दोन प्रणालींच्या यंत्रांना याची झळ लागणार नाहीं असें आधीं सांगण्यांत आलें होतें. तरी पुष्कळांचें लिनक्स दुसऱ्या दिवशीं उठेना, आणि पडद्यावर सुरक्षा-धोरणाचा भंग झाल्याची सूचना तेवढी दिसूं लागली. चोर कोणीच नव्हता. घरचेंच माणूस बाहेर राहिलें होतें.

मग श्रोता विचारील, पहारा हवा कीं नको? माझें उत्तर असें कीं, पहारा हवा; पण पहारेकऱ्याला घरच्यांची नांवें सांगण्याचा अधिकार घरधन्याचा असावा. हें अशक्य आहे असेंहि नाहीं. शिमबरोबर एक सोय येते, तिचें नांवच 'यंत्रमालकाची किल्ली' असें आहे. आपण स्वतः तयार केलेली किल्ली यंत्राच्या ओळखींत घालावयाची असेल, तर यंत्र पुन्हां सुरू करून, प्रणाली जागी होण्यापूर्वीं, कळफलकापाशीं प्रत्यक्ष बसून ती मान्य करावी लागते. दूर बसलेल्या चोराला हें करतां येत नाहीं; घरांत बसलेल्या मालकाला येतें. अल्टेअरचे खटके मालकाच्या बोटांनीं हालत होते. जवळजवळ चार दशकांनीं पुन्हां मालकाच्या बोटांनाच साक्षीला बोलवावें लागलें. यंत्र कोणाचें, याचा याहून साधा पुरावा अद्याप कोणाला सुचलेला नाहीं.

ही गोष्ट केवळ हौशी लोकांची नाहीं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार बंद झाला. चांगलीं चालणारीं पुष्कळ यंत्रें विंडोज ११ च्या अटींत बसत नाहींत. अशा यंत्राचा धनी दोन गोष्टी करूं शकतो: यंत्र भंगारांत टाकणें, किंवा त्यावर दुसऱ्या प्रणालीला बिऱ्हाड देणें. दुसरी गोष्ट शक्य आहे, कारण १९८३ च्या कोष्टकापासून शिमपर्यंत अनेकांनीं त्या देवडीचें दार पुरतें बंद होऊं दिलें नाहीं. म्हणून यंत्र घेतांना त्याचा वेग आणि स्मृति विचारतों, त्याबरोबर आणखी एक प्रश्न दुकानदाराला विचारावा: याच्यावर मला दुसरी प्रणाली घालतां येईल ना, आणि माझी किल्ली हें यंत्र ओळखील ना? दुकानदाराला उत्तर ठाऊक नसलें तरी हरकत नाहीं. प्रश्न वारंवार येऊं लागला, म्हणजे तो वर कारखान्यापर्यंत पोंचतो.

आणि पुढच्या खेपेस पडद्यावर ती लहानशी यादी दिसली, कीं तिला अडथळा समजून घाईनें एंटर दाबण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. यंत्र आपल्याला विचारीत आहे. आणि तें विचारतें, यासाठीं अनेकांना झगडावें लागलें आहे.